परिलब्धी व विमालाभ यांवरील प्राप्तिकर

नोकरीच्या निमित्ताने सेवकास रोख वेतनाखेरीज मिळणाऱ्या वस्तू, सेवा, सवलती व निवृत्तिलाभ, तसेच विम्याच्या करारान्वये विमेदारास अगर त्याच्या वारसांस मिळणाऱ्या रकमा, यांपैकी कोणत्या उत्पन्न म्हणून करपात्र धरावयाच्या आणि कोणत्या करमुक्त ठेवावयाच्या, हा प्राप्तिकराच्या इतिहासातील एक जुना व वादग्रस्त प्रश्न आहे. वेतनाव्यतिरिक्त मिळणाऱ्या अशा सुखसोयींना परिलब्धी म्हणतात. मालकाने दिलेले घर, मोटार वा बिनव्याजी कर्ज हे परिलब्धींचे नेहमीचे प्रकार होत. उपदान (ग्रॅच्युइटी), निवृत्तिवेतन, भविष्यनिर्वाह निधी आणि रजेचे रोखीकरण हे निवृत्तिलाभ होत. भारतात या सर्वांसंबंधीचे नियम गेल्या सुमारे दीडशे वर्षांत घडत आले असून त्यांच्या मुळाशी एकच भेद आढळतो : सेवेचा मोबदला म्हणून जे मिळते ते करपात्र आणि मृत्यू, अपघात, वार्धक्य अथवा नोकरी सुटणे यांमुळे होणाऱ्या हानीची भरपाई म्हणून जे मिळते ते करमुक्त. या दोहोंच्या सीमेवर असलेले लाभ कोणत्या बाजूस टाकावयाचे, यावरच बहुतेक वाद झालेले आहेत.

संकल्पना : उत्पन्नाची अर्थशास्त्रीय व्याख्या व्यापक आहे. जर्मन अर्थशास्त्रज्ञ गेओर्ग फोन शांझ (१८९६) आणि अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ रॉबर्ट हेग (१९२१) व हेन्री सायमन्स (१९३८) यांच्या विवेचनाचा मथितार्थ असा की, विशिष्ट कालावधीतील व्यक्तीचा उपभोग आणि तिच्या निव्वळ संपत्तीत पडलेली भर यांची बेरीज म्हणजे तिचे त्या कालावधीतील उत्पन्न होय. ही व्याख्या काटेकोरपणे लावल्यास मालकाच्या खर्चाने उपभोगलेले घर आणि स्वतःच्या वेतनातून भाड्याने घेतलेले घर यांत फरक करता येत नाही. दोघे सेवक सारख्याच घरात राहत असताना एकाने भाड्याच्या रकमेवर कर भरावा व दुसऱ्याने भरू नये, हे करविषयक समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरते.

व्यवहारात मात्र ही व्याख्या जशीच्या तशी लागू करणे कठीण असते. त्याची तीन कारणे आहेत. पहिले, वस्तुरूप लाभाचे मूल्य ठरविणे अवघड असते. विशेषतः सेवकास तो लाभ विकता किंवा बदलून घेता येत नसेल, तर त्याच्या दृष्टीने त्याचे मूल्य बाजारभावाहून कमी असू शकते. दुसरे, निधीत जमा होणाऱ्या रकमेवर सेवकाचा हक्क केव्हा निश्चित होतो, हे नेहमीच स्पष्ट नसते. तिसरे, काही रकमा वरकरणी प्राप्ती दिसत असल्या, तरी वस्तुतः गमावलेल्या गोष्टीची ती भरपाई असते. कुटुंबातील मिळवत्या व्यक्तीच्या मृत्यूनंतर मिळालेली विम्याची रक्कम ही कुटुंबाच्या संपत्तीत पडलेली भर आहे, असे कोणी म्हणणार नाही. मूल्यमापन, हक्काची निश्चिती आणि भरपाईचे स्वरूप ह्या तीन प्रश्नांची वेळोवेळी दिली गेलेली उत्तरे, हाच या विषयाचा इतिहास होय.

प्रारंभीचा काळ : १८५७ च्या उठावामुळे सरकारी तिजोरीवर पडलेला भार भरून काढण्यासाठी जेम्स विल्सन याने १८६० मध्ये भारतात प्राप्तिकर सुरू केला. वार्षिक रु. २०० पेक्षा कमी उत्पन्न करमुक्त होते. हा कायदा तात्पुरता असून १८६५ मध्ये त्याची मुदत संपली. त्यानंतर परवाना कर व पुन्हा प्राप्तिकर असे प्रयोग होऊन अखेर १८८६ च्या अधिनियमाने हा कर स्थिर पायावर आणला. या अधिनियमाने उत्पन्नाचे चार वर्ग केले व वेतन, निवृत्तिवेतन आणि उपदान यांचा पहिल्या वर्गात समावेश केला. म्हणजे आज बव्हंशी करमुक्त असणारे उपदान त्या काळी वेतनाच्याच पंगतीस बसविलेले होते. करदात्याने स्वतःच्या आयुर्विम्यासाठी भरलेल्या हप्त्यांना उत्पन्नाच्या एकषष्ठांश मर्यादेपर्यंत सूट देण्याची पद्धतही याच अधिनियमात दिसते. आयुर्विमा हे उत्पन्नाचे साधन नसून कुटुंबाच्या संरक्षणाचे साधन आहे, ही दृष्टी भारतीय करकायद्यात इतक्या पूर्वीपासून रुजलेली आहे.

भारतातील कायद्याचा अर्थ लावताना ब्रिटिश न्यायनिर्णयांचा आधार घेतला जात असे. त्यांपैकी टेनंट विरुद्ध स्मिथ (१८९२) हा हाउस ऑफ लॉर्ड्‌सचा निर्णय या विषयात मूलभूत मानला जातो. स्कॉटलंडमधील माँट्रोझ येथील बँकेच्या एका प्रतिनिधीस बँकेच्या इमारतीत विनाभाडे राहावे लागे. त्याचे रोख उत्पन्न वार्षिक ४०० पौंडांहून कमी असल्याने त्यास करात सूट मिळण्यासारखी होती. घराचे मूल्य त्यात मिळविल्यास ती सूट नाहीशी होई. हे घर त्यास भाड्याने देता येत नव्हते किंवा अन्य मार्गाने त्याचे पैशात रूपांतर करता येत नव्हते. म्हणून त्याचे मूल्य उत्पन्नात धरता येणार नाही, असे न्यायालयाने ठरविले. खिशात जे येते त्यावर कर बसतो, खिशातून जावयाचे वाचते त्यावर बसत नाही, असे या निर्णयाचे सार लॉर्ड मॅक्नॉटन यांनी सांगितले. पुढील कायदेमंडळांनी या तत्त्वास एकामागून एक अपवाद निर्माण केले.

१९२२ चा अधिनियम : १९२१ च्या अखिल भारतीय प्राप्तिकर समितीच्या शिफारशींनंतर १९२२ चा प्राप्तिकर अधिनियम करण्यात आला. त्याच्या कलम ७ नुसार वेतन व मजुरी यांबरोबरच वर्षासन, निवृत्तिवेतन, उपदान, शुल्क, दलाली आणि वेतनाऐवजी अगर वेतनाखेरीज मिळणाऱ्या परिलब्धी वा नफा हे सर्व करपात्र ठरले. मालकाने दिलेल्या जागेत विनाभाडे राहण्याचा हक्क ही परिलब्धीच होय, असे स्पष्टीकरणही या कलमास पुढे जोडण्यात आले. त्यामुळे टेनंट खटल्यातील तत्त्वाचा प्रभाव निवासापुरता तरी संपला.

याच अधिनियमातील कलम ४ च्या तिसऱ्या पोटकलमात करमुक्त रकमांची यादी होती. निवृत्तिवेतनाच्या अंशराशीकरणापोटी मिळालेली भांडवली रक्कम, मृत्यू वा इजा यांबद्दलची एकत्रित नुकसानभरपाई, विमापत्रान्वये मिळालेली रक्कम आणि भविष्यनिर्वाह निधीतील वर्गणीदाराची संचित शिल्लक ह्या चार गोष्टी तेथे एकाच खंडात गुंफलेल्या होत्या. वरवर पाहता भिन्न असलेल्या या चार रकमांत दोन गोष्टी समान आहेत : त्या एकदाच मिळतात व भांडवली स्वरूपाच्या असतात, आणि त्यांच्यामागे आयुष्यातील एखादी हानी किंवा कमाईच्या काळाची समाप्ती उभी असते. दरमहा मिळणारे निवृत्तिवेतन करपात्र, परंतु त्याचाच काही भाग आगाऊ एकरकमी घेतल्यास तो करमुक्त, हा आजही अनेकांस कोड्यात टाकणारा नियम या खंडातून आलेला आहे. पुढील शंभर वर्षांतील बहुतेक तरतुदी म्हणजे या एका खंडाचा विस्तार तरी आहे किंवा त्यावर घातलेली मर्यादा तरी आहे.

निवृत्तीसाठी साठविलेल्या रकमांबाबतचे नियम या काळात अधिक पद्धतशीर झाले. १९२९ च्या कायद्याने खाजगी आस्थापनांतील भविष्यनिर्वाह निधींना ठराविक अटींवर मान्यता देण्याची व्यवस्था केली. अशा मान्यताप्राप्त निधीत मालकाने दिलेली वर्गणी विहित मर्यादेपर्यंत सेवकाच्या करपात्र उत्पन्नात धरली जात नसे. १९३९ च्या दुरुस्तीने वेतन प्रत्यक्ष मिळाले नसले तरी ते देय होताच करपात्र ठरविले आणि सेवानिवृत्ति-निधींसाठी स्वतंत्र प्रकरण घातले. देय होताच कर हा नियम वेतनास लागू असताना निधीतील रकमेला मात्र ती हाती पडेपर्यंत, व पुष्कळदा त्यानंतरही, करातून वगळले गेले. संघटित क्षेत्रातील सेवकाच्या बचतीला मिळालेले हे सर्वांत मोठे प्रोत्साहन होते.

व्याख्येचा विस्तार : जॉन मथाई यांच्या अध्यक्षतेखालील कर चौकशी आयोगानंतर, चिंतामणराव देशमुख अर्थमंत्री असताना संमत झालेल्या १९५५ च्या वित्त अधिनियमाने परिलब्धीची सविस्तर व्याख्या केली. विनाभाडे किंवा सवलतीच्या भाड्याचे निवासस्थान, सेवकाच्या खाजगी देण्याची मालकाने केलेली फेड, तसेच सेवकाच्या आयुर्विम्यासाठी अथवा वर्षासनाच्या करारासाठी मालकाने दिलेली रक्कम यांचा तीत अंतर्भाव झाला. पुढच्याच वर्षी, १९ जानेवारी १९५६ रोजी, आयुर्विम्याच्या राष्ट्रीयीकरणाची घोषणाही देशमुखांनीच आकाशवाणीवरून केली व १ सप्टेंबर १९५६ रोजी मुंबई हे मुख्यालय असलेले आयुर्विमा महामंडळ अस्तित्वात आले. विमा व्यवसाय सरकारी झाल्यावर विमाहप्त्यांवरील करसवलत ही राष्ट्रीय बचत उभारण्याचेही एक साधन बनली.

मालकाने भरलेला विमाहप्ता केव्हा परिलब्धी ठरतो, यासंबंधी सर्वोच्च न्यायालयाने १९६४ मध्ये प्राप्तिकर आयुक्त विरुद्ध एल. डब्ल्यू. रसेल या खटल्यात महत्त्वाचा निर्णय दिला. मालकाने एका विश्वस्त निधीस दिलेल्या वर्गणीतून सेवकांसाठी वर्षासनाची विमापत्रे घेतली जात. मात्र निवृत्तीचे वय होईपर्यंत सेवकास त्या रकमेवर निश्चित हक्क प्राप्त होत नसे. असा हक्क केवळ संभाव्य असल्याने ती वर्गणी त्या वर्षाची परिलब्धी होऊ शकत नाही, असे न्यायालयाने म्हटले. लाभाचा हक्क सेवकाच्या ठायी निश्चित झाला पाहिजे, ही कसोटी या निर्णयाने घालून दिली.

१९६१ चा अधिनियम : १ एप्रिल १९६२ पासून अंमलात आलेल्या १९६१ च्या प्राप्तिकर अधिनियमाने वेतन, परिलब्धी आणि वेतनाऐवजी मिळणारा नफा यांच्या व्याख्या कलम १७ मध्ये एकत्र केल्या, करमुक्त रकमा कलम १० मध्ये नमूद केल्या आणि परिलब्धींच्या मूल्यमापनाचे काम नियमांवर सोपविले. कलम १० मध्ये काळाच्या ओघात अनेक भर पडत गेल्या. ६ ऑक्टोबर १९६४ पासून घरभाडे भत्त्यास मर्यादित सूट मिळाली. मिळालेला भत्ता, वेतनाच्या दहा टक्क्यांहून अधिक भरलेले भाडे आणि वेतनाचा विहित हिस्सा, यांपैकी जी रक्कम सर्वांत कमी ती करमुक्त धरली जाई. हा हिस्सा मुंबई, कोलकाता, दिल्ली व चेन्नई येथे ५० टक्के व अन्यत्र ४० टक्के असा ठेवण्यात आला. पुण्यासारख्या शहरांतील भाडी वाढत जाऊनही ती दीर्घकाळ दुसऱ्या वर्गातच राहिली.

उपदानाचा प्रवास विशेष उद्‌बोधक आहे. १८८६ मध्ये वेतनासमान मानलेले उपदान १९७२ च्या उपदान प्रदान अधिनियमाने कामगाराचा कायदेशीर हक्क बनले. पूर्ण केलेल्या सेवेच्या प्रत्येक वर्षास पंधरा दिवसांचे वेतन, हे त्याचे प्रमाण होते. हक्क म्हणून मिळणाऱ्या या रकमेला करातूनही मर्यादित सूट देण्यात आली. खाजगी सेवकासाठी ही मर्यादा २०१० मध्ये रु. १० लाख व २०१८ मध्ये रु. २० लाख झाली. कामगारकपातीच्या नुकसानभरपाईस १९७५ च्या वित्त अधिनियमाने, तर निवृत्तीच्या वेळच्या रजेच्या रोखीकरणास १९८२ च्या वित्त अधिनियमाने पूर्वलक्षी प्रभावाने सूट मिळाली. या सर्व तरतुदींत सरकारी व खाजगी सेवक यांच्यातील भेद ठळकपणे दिसतो. सरकारी सेवकाचे उपदान, अंशराशीकृत निवृत्तिवेतन व रजेचे रोखीकरण पूर्णतः करमुक्त राहिले. खाजगी सेवकास मात्र प्रत्येक ठिकाणी मर्यादा लागू झाली. उदा., उपदान मिळणाऱ्या खाजगी सेवकास निवृत्तिवेतनाच्या एकतृतीयांश व उपदान न मिळणाऱ्यास निम्म्या भागाच्या अंशराशीकरणापुरतीच सूट होती.

कराचे चढे दर आणि परिलब्धी : १९७० नंतरच्या काही वर्षांत वैयक्तिक प्राप्तिकराचा सर्वोच्च दर अधिभारासह ९७.७५ टक्क्यांपर्यंत गेला होता. या दराने कर भरणाऱ्या अधिकाऱ्यास कंपनीने रु. १०,००० अधिक वेतन दिले, तर त्याच्या हाती केवळ रु. २२५ उरत. त्याऐवजी तेवढ्याच खर्चात मोटार, नोकरचाकर किंवा सुसज्ज निवासस्थान पुरविले व नियमांनुसार त्याचे मूल्य अल्प धरले गेले, तर कंपनी व अधिकारी या दोघांचाही लाभ होई. परिलब्धींची वाढ ही मालकांच्या औदार्यापेक्षा करदरांच्या या रचनेतून झाली. तीस आळा घालण्यासाठी १९७२-७३ च्या आकारणी वर्षापासून कंपन्यांच्या नफ्यातून वजा करता येणाऱ्या वेतन-परिलब्धींवरील खर्चास मर्यादा घालण्यात आली. ती १९८९ पर्यंत टिकली. दुसऱ्या बाजूस, ज्यांस परिलब्धी मिळत नाहीत अशा सामान्य पगारदारांसाठी १९७४ मध्ये प्रमाणित वजावट सुरू झाली. ती २००५ मध्ये रद्द होऊन २०१८ मध्ये पुन्हा आली; त्या वेळी प्रवासभत्ता व वैद्यकीय खर्चाची प्रतिपूर्ती यांवरील सवलती मागे घेण्यात आल्या.

परदेशांतही असेच घडले. अमेरिकेत दुसऱ्या महायुद्धाच्या काळात वेतनवाढीवर नियंत्रण आल्यामुळे मालकांनी आरोग्यविम्यासारखे लाभ देण्यास सुरुवात केली आणि १९५४ च्या करसंहितेने मालकाने उतरविलेला आरोग्यविमा स्पष्टपणे करमुक्त केला. त्या देशातील आरोग्यविमा नोकरीशी निगडित राहण्याचे हे एक प्रमुख कारण होय. ब्रिटनने १९४८ मध्ये संचालक आणि वार्षिक २,००० पौंड व त्याहून अधिक मिळविणारे सेवक यांच्या वस्तुरूप लाभांवर कर बसविला. ऑस्ट्रेलियाने १९८६ मध्ये परिलब्धींवरील कर सेवकाऐवजी मालकाकडून वसूल करण्याचा मार्ग स्वीकारला.

बिनव्याजी कर्जाचा वाद : मालकाने दिलेल्या कर्जावर व्याज न घेणे हा लाभ आहे, यात शंका नाही, परंतु तो उत्पन्न आहे काय, या प्रश्नाचे उत्तर मिळण्यास चार दशके लागली. १९८४ च्या दुरुस्तीने अशा कर्जावरील वाचलेले व्याज परिलब्धीत धरले आणि लगेच १९८५ मध्ये ही तरतूद वगळण्यात आली. गोव्यातील व्ही. एम. साळगांवकर अँड ब्रदर्स या कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये असा निर्णय दिला की, कायद्यात तशी तरतूद नसल्याने बिनव्याजी कर्ज ही परिलब्धी ठरत नाही. त्यानंतर २००१ च्या नव्या नियमांनी रु. २०,००० हून अधिक रकमेच्या अशा कर्जांचा परिलब्धींत स्पष्ट समावेश केला आणि पुढे भारतीय स्टेट बँकेचा व्याजदर हे मोजमाप ठरविले. बँक कर्मचाऱ्यांच्या संघटनांनी त्यास आव्हान दिले. परंतु मे २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे नियम वैध ठरविले. अन्य ग्राहकांस न मिळणारी व्याजाची सवलत सेवकास केवळ नोकरीमुळे मिळते, म्हणून ती करपात्र होय, ही त्यामागील भूमिका आहे. टेनंट खटल्यात करमुक्त मानलेली, खिशातून जाण्याची वाचलेली रक्कम अशा रीतीने पूर्णपणे करकक्षेत आली.

निवासाबाबतही मूल्यमापनाचे निकष वारंवार बदलले. २००७ नंतरच्या नियमांनुसार विनाभाडे निवासाचे मूल्य शहराच्या लोकसंख्येप्रमाणे वेतनाच्या १५, १० वा ७.५ टक्के धरले जाई. २०२३ मध्ये हे प्रमाण १०, ७.५ व ५ टक्के असे उतरविण्यात आले. मधल्या काळात २००५ ते २००९ पर्यंत भारतात ऑस्ट्रेलियाच्या धर्तीवर परिलब्धी कर मालकांवर आकारला गेला. सामूहिक स्वरूपाच्या लाभांची सेवकवार विभागणी करणे कठीण असल्याने हा उपाय योजला होता. परंतु हिशेबाचा जाच व उद्योगांचा विरोध यांमुळे तो सोडून देण्यात आला.

विमालाभांवरील मर्यादा : आयुर्विम्याची रक्कम करमुक्त ठेवण्याचे तत्त्व १९२२ पासून चालत आले, मात्र विम्याच्या नावाखाली केवळ गुंतवणूक होऊ लागल्यावर त्यास बांध घालावे लागले. पहिला बांध मालकाच्या हितासाठी घेतलेल्या महत्त्वाच्या सेवकाच्या विम्यास, म्हणजेच कीमॅन विम्यास, १९९६ मध्ये घालण्यात आला. अशा विमापत्राची रक्कम करपात्र ठरली. २०१३ मध्ये, मुदतीच्या मध्यंतरी हे विमापत्र सेवकाच्या नावे करून कर चुकविण्याचा मार्गही बंद झाला. दुसरा बांध हप्ता व विमा रक्कम यांच्या प्रमाणाचा होय. १ एप्रिल २००३ नंतरच्या विमापत्रांत वार्षिक हप्ता विमा रकमेच्या २० टक्क्यांहून, तर १ एप्रिल २०१२ नंतरच्या विमापत्रांत १० टक्क्यांहून अधिक असल्यास मुदतीअखेर मिळणारी रक्कम करमुक्त राहिली नाही. उदा., रु. १ लाखाचा एकच हप्ता भरून रु. १ लाख २५ हजारांचा विमा घेतला, तर त्यात जोखमीचा अंश अल्प व ठेवीचा अंश मोठा असतो. ते कुटुंबाचे संरक्षण नसून ठेव होय. रु. १० लाखांच्या विम्यास वार्षिक रु. १ लाख हप्ता असल्यास मात्र सूट कायम राहते. तिसरा बांध रकमेचा आहे. १ फेब्रुवारी २०२१ पासून युनिट-संलग्न विम्यासाठी वार्षिक हप्त्याची मर्यादा रु. २.५ लाख व १ एप्रिल २०२३ पासून अन्य आयुर्विम्यासाठी रु. ५ लाख अशी ठरविण्यात आली. प्रमाणाच्या व रकमेच्या या मर्यादांतून विमेदाराच्या मृत्यूनंतर मिळणारी रक्कम वगळलेली आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. भरपाई व गुंतवणूक यांतील मूळ भेद येथे अबाधित राहिला आहे.

कोव्हिड-१९ च्या साथीत हे तत्त्व नव्याने कसोटीस लागले. साथीत मृत्यू पावलेल्या सेवकांच्या कुटुंबांस मालकांनी दिलेले साहाय्य करपात्र धरले जाण्याचा धोका होता. २०२२ च्या वित्त अधिनियमाने पूर्वलक्षी प्रभावाने मालकाकडून मिळालेले असे साहाय्य कोणत्याही मर्यादेविना, तर इतरांकडून मिळालेले रु. १० लाखांपर्यंत करमुक्त केले. तथापि सेवकाच्या पश्चात त्याच्या कुटुंबास दरमहा मिळणारे कुटुंब निवृत्तिवेतन ठराविक वजावटीनंतर करपात्रच आहे. एकरकमी साहाय्य व मासिक प्राप्ती यांतील जुना भेद येथेही आढळतो.

भविष्यनिर्वाह निधीवरील मर्यादा : निधीतील रक्कम करमुक्त असण्याबाबत पगारदार वर्गाच्या भावना किती तीव्र आहेत, याचा प्रत्यय २०१६ मध्ये आला. १ एप्रिल २०१६ नंतरच्या वर्गणीतून साठलेल्या रकमेपैकी ६० टक्के रक्कम काढताना करपात्र धरण्याचा प्रस्ताव त्या वर्षीच्या अर्थसंकल्पात होता. तीव्र विरोधामुळे तो ८ मार्च २०१६ रोजी मागे घेण्यात आला. यानंतर सरकारने सर्वांना लागू होणारा कर टाळून केवळ मोठ्या रकमांवर मर्यादा घातल्या. २०२० मध्ये भविष्यनिर्वाह निधी, सेवानिवृत्ति-निधी व राष्ट्रीय निवृत्तिवेतन योजना यांतील मालकाची एकत्रित वार्षिक वर्गणी रु. ७.५ लाखांहून अधिक झाल्यास जादा रक्कम परिलब्धी ठरली. २०२१ मध्ये सेवकाच्या स्वतःच्या वार्षिक रु. २.५ लाखांहून अधिक वर्गणीवरील व्याज करपात्र झाले. जेथे मालकाची वर्गणी नसते तेथे ही मर्यादा रु. ५ लाख आहे.

मूल्यमापन : रुपयांत ठरविलेल्या मर्यादा वेळेवर बदलल्या नाहीत, तर चलनवाढ हीच करवाढ होते, हे या इतिहासात पुनःपुन्हा दिसून येते. खाजगी सेवकाच्या रजेच्या रोखीकरणाची मर्यादा १९९८ पासून २०२३ पर्यंत, म्हणजे पंचवीस वर्षे, रु. ३ लाख होती. ती एकदम रु. २५ लाख करण्यात आली. ज्या वेतनाच्या वर काही विशिष्ट परिलब्धी करपात्र होत, ती २००१ मध्ये ठरविलेली वार्षिक रु. ५०,००० ची मर्यादा २०२५ मध्ये रु. ४ लाख झाली. मधल्या काळात, मुळात वरिष्ठ अधिकाऱ्यांसाठी योजिलेले नियम सामान्य सेवकांसही लागू होऊ लागले होते. मर्यादा वाढण्यापूर्वी निवृत्त झालेल्यांस या वाढीचा लाभ मिळाला नाही.

सवलती कमी करून कराचे दर उतरवावेत, ही शिफारस विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील कृतिगटाने २००२ मध्ये केली होती. २०२० मध्ये सुरू झालेल्या व २०२३-२४ पासून मूळ पर्याय मानल्या गेलेल्या नव्या करपद्धतीत त्या विचाराचे प्रतिबिंब दिसते. या पद्धतीत दर कमी आहेत. परंतु घरभाडे भत्ता, प्रवाससवलत व विमाहप्त्यांची वजावट मिळत नाही. उपदान, अंशराशीकृत निवृत्तिवेतन, रजेचे रोखीकरण आणि विम्याची रक्कम यांवरील सूट मात्र तीतही राखलेली आहे. म्हणजे चालू नोकरीतील सवलती गेल्या, तरी नोकरीच्या वा आयुष्याच्या अखेरीस मिळणाऱ्या रकमा सुरक्षित राहिल्या.

२०२५ च्या नव्या प्राप्तिकर अधिनियमाने १९६१ च्या अधिनियमाची जागा घेण्याची तरतूद असून १ एप्रिल २०२६ हा त्याच्या अंमलबजावणीचा दिनांक त्यात दिलेला आहे. त्याने भाषा व मांडणी सोपी केली. परिलब्धी व भरपाई यांतील भेद कायम ठेवला. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेत १९७२ चा उपदान अधिनियम विलीन झाला आहे. एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असलेले भत्ते वेतनात धरण्याचा नियम तीत असल्याने, वेतन कमी दाखवून भत्ते वाढविण्याच्या प्रथेस आळा बसतो व उपदानाचे गणितही बदलते. तथापि ज्यांस नियमित वेतनच नाही, अशा शेतमजूर, घरकामगार व रोजंदारीवरील कामगारांना या करसवलतींचा फारसा उपयोग होत नाही; त्यांच्या वार्धक्यात अथवा अपघातात करमुक्त ठरविण्याजोगी रक्कमच बहुधा हाती येत नाही. करमुक्तीच्या मार्गाने दिलेले संरक्षण संघटित नोकरीच्या मर्यादेतच राहते, ही या सर्व व्यवस्थेची मुख्य उणीव होय.